सॉनी टॅल्टीची अर्धी धून

मंगळवार, १८ ऑक्टोबर १९८३

भाऊराया कोलमन आला एकदाचा! समुद्रापलीकडच्या कोव्हेंट्रीहून. एका हातात सूटकेस, दुसऱ्या हातात भात्याच्या पाइप्सची पेटी – बाप अंथरुणाला खिळलाय आणि हा वाद्य घेऊन उतरलाय, लग्नाला आल्यासारखा. दारातच म्हणाला, "डिंफ्ना, म्हातारी दिसायला लागलीस गं."

म्हटलं, "हो, पण तुझी वाट बघून नाही!"

एकोणतीस वर्षांत आईच्या मयतीला दोन दिवस आला होता, तेवढाच. आणि आज हक्काने खुर्ची ओढून बसला, तीसुद्धा बाबांची.

झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात मेलाय आणि वाचा गेलीय. ती परत यायची नाही असं डॉक्टर म्हणतात. एक मात्र चालू आहे – गुणगुणणं. दोनच ओळी. सूर वर चढतो, एक गिरकी घेतो, आणि पुढे जायचं तिथे बाबा थांबतात. डोळे भरतात. मग पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर हेच. जेवण भरवताना चमचा तोंडात असला तरी नाकातून चालूच.

कोलमन बराच वेळ ऐकत राहिला. म्हणाला, "कुठली धून ही?"

बाबांची एकूण एक धून मला येते. आमचा सारा क्लेअर परगणा ते जाणतो. ही येत नाही हे याला सांगणं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "सूप गार होतंय."


गुरुवार, २० ऑक्टोबर

आज त्याने पेटी उघडली. स्वयंपाकघरात, माझ्या कोबीच्या टोपल्याशेजारी बसून. कोपराखाली भाता, दुसऱ्या काखेत पिशवी, आणि नळी मांडीवरून उचललेली – उचललेली ती उचललेलीच! नळीचं तोंड मांडीवर टेकवलं की आवाज मिटतो, हे आम्हाला सातव्या वर्षी बाबांनी शिकवलं. दोन सुरांमध्ये एवढीशी शांतता हवी. शेंगेतून मटार सोलावा तसा एकेक सूर सुटा पडला पाहिजे. याचं म्हणजे कुणीतरी नळ चालू ठेवून शेजारी गप्पा मारायला गेलंय. सूर सुरात, सूर सुरात, सगळा चिखल.

"असं आवळून आवळून वाजवतेस, तुझ्या पाइप्सना बद्धकोष्ठ होईल," म्हणाला.

मी म्हटलं, "आणि तुझ्या पाइप्सना जुलाब झालेत."

बाबा आतून ऐकत होते. गुणगुणणं थांबलं होतं. कुणाचं ऐकून थांबलं, माझं बोलणं की त्याचं वाजवणं, कळलं नाही.


शनिवार, २२ ऑक्टोबर

बाबांच्या पाइप्स त्यांच्या पलंगाखाली आहेत. बॉक्सवुड लाकडाची पिवळी नळी, पितळी कड्या, खालच्या पट्टीचं जुनं वाद्य. आजोबांनी मरायच्या आधी त्या बाबांच्या मांडीवर ठेवल्या होत्या. आमच्याकडे असंच चालतं – वाजवणारा जिवंतपणी स्वतःच्या हाताने देतो, तरच त्या तुमच्या. नुसत्या वारशाने मिळालेल्या पाइप्सना गावात कुणी विचारत नाही.

बाबा अजून काही देऊ शकतात. डावा हात चालतो.

आणि मला आज लख्ख कळलं की जो ती धून पुरी करून देईल, त्याच्या मांडीवर त्या येतील. कोलमनलाही कळलंय. पलंगाखालच्या पेटीकडे बघताना मी त्याला पकडलं.


सोमवार, २४ ऑक्टोबर

नळीतली रीड, आवाज काढणारी बारकी पात, रुसली. ओल. चुलीपाशी ठेवलीय. कोलमन म्हणतो, "तुझ्याशी राहून राहून तीही कुरकुरायला लागली."


रविवार, ३० ऑक्टोबर

थेडी मॅरिननकडे गेले. गावाचा चांभार, पण त्याच्याकडे बुटांपेक्षा धुना जास्त. नावं सगळी चुकीची सांगतो, सूर एकही चुकत नाही. बाबांच्या दोन ओळी गुणगुणून दाखवल्या.

थेडीच्या तोंडात खिळे होते. ते त्याने एकेक करून बाहेर काढले. मग म्हणाला, "नाही बुवा. नाही ऐकली कधी."

थेडी! जो कुत्रा भुंकला तरी हा सूर कुठल्या नाचाच्या जिगमधला ते सांगतो!

म्हटलं, "थेडी, खोटं बोलतोस."

"डिंफ्ना, तुझ्या टाचा झिजल्यात. बूट ठेवून जा." एवढंच. वर बघेनाच.

संध्याकाळी पबमध्ये कोलमननेही तोच प्रयोग केला. मी कोपऱ्यात होते. त्याने पहिली ओळ वाजवली आणि दहाजण एकदम ग्लासात बघायला लागले. फिडलवाल्याने तर फिडल पिशवीत घातलं. एवढा गलका असायचा तिथे, तो एकदम थांबला.

परत येताना अर्धा रस्ता त्याने तीच ओळ शिट्टीवर घोळवली. मग कोलमन म्हणाला, "सगळ्यांना माहीत आहे. आपल्याला सोडून."

म्हटलं, "तुला सोडून. मला शोधता येतं."


बुधवार, २ नोव्हेंबर

काल आणि आज त्या दोन ओळींना दहा वेगवेगळी शेपटं जोडून बाबांना ऐकवली. माझ्या पाइप्सवर, नीट, मिटून, त्यांना आवडतं तसं. प्रत्येकवेळी मान हलवतात – नाही. दहाव्या वेळी डाव्या हाताने कप फेकला. माझ्या स्कर्टवर चहा.

कोलमन दारात उभा राहून हसत होता. हसून झाल्यावर फडकं आणून जमीन पुसली. माझ्याकडून आभाराची अपेक्षा असावी. ती त्याने आयुष्यभर ठेवावी.


शुक्रवार, ११ नोव्हेंबर

काही नाही. पाऊस. दोन ओळी, दोन ओळी, दोन ओळी. उशी घेऊन त्यांच्या तोंडावर – असा विचार आला. लिहून ठेवते, कुणी वाचणार नाही.


मंगळवार, २२ नोव्हेंबर

थेडीची बायको फिलोमेना अंडी घ्यायला आली होती. पैसे देता देता हळूच म्हणाली, "नोनी क्वेलीला विचार. मी सांगितलं म्हणू नकोस." आणि निघाली, छत्री न उघडताच.

नोनी क्वेली! डोंगरापलीकडे एकटी राहते. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतरही कधी आमच्याशी बोलली नाही. मला वाटायचं, शिष्ट आहे.

कोलमनला सांगितलं नाही. सांगायचं काय डोंबल!


गुरुवार, २४ नोव्हेंबर

आजच लिहिते. नाहीतर उद्या मला वाटेल की हे मी मनाने जोडलं.

नोनीने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सॉनीची मुलगी. यायला बराच वेळ लावलास." चहा दिला नाही. क्लेअरमध्ये चहा न देता कुणी बसवतं? मी बसले.

मी दोन ओळी गुणगुणले. तिने डोळे मिटले आणि तोंडाने पुढचं सुरू केलं – डिडल डी, डॅडल डम – दात नाहीत, श्वास अपुरा, पण काय धून! पहिला भाग जिथे अडतो तिथून खाली घसरते, आणि दुसरा भाग जो उसळतो, तो उसळतच जातो, श्वास घ्यायला जागाच नाही. पुरी जिग. मी सोबत नेलेला टेपरेकॉर्डर चालू केला होता. बाबांचे डोळे का भरतात ते कळलं.

"नाव काय हिचं?"

"'सॉनीचं दार'," म्हणाली.

मग सांगितलं. चहा न देता, आवाज न चढवता.

१९२९ सालचा डिसेंबर. नोनी तेव्हा सतरा वर्षांची, आमच्याच घरी कामाला. आईबाबांचं लग्न नुकतंच झालेलं. फेलिम मोंगन नावाचा भटका पाइपवाला दारात आला, असे लोक यायचे तेव्हा – चुलीशेजारी पथारी आणि पोटभर बटाटे, बदल्यात रात्रभर वाजवायचं. बाबांना त्याची एक धून हवी होती. त्याच्याकडून तीन-चारदा वाजवून घेतली. मग बाबांनी स्वतः वाजवून दाखवली. आणि मोंगन हसला. म्हणाला, "सुंदर वाजवतोस रे सॉनी. पण माझंच वाजवतोस."

पाहुण्यांसमोर. नव्या बायकोसमोर.

"तुझ्या बापाने त्याचा कोट उचलला आणि अंगणात टाकला," नोनी म्हणाली. "बाहेर गारा पडत होत्या. त्याला वाटलं थट्टा आहे. बाहेर जाऊन कोट उचलला, हसत वळला. सॉनी मला म्हणाला, कडी घाल. मी घातली. दारावर थापा मारत होता. मग पायरीवर बसून त्याने तीच धून वाजवली. आत घ्यावं म्हणून. पुरी नाही झाली. मधेच थांबली. सकाळी चुन्याच्या भट्टीपाशी गारठून मेलेला सापडला."

म्हटलं, "पोलीस?"

"भटक्यासाठी? वेडी आहेस का!" मग म्हणाली, "गावाने जी शिक्षा द्यायची ती दिली. धुनेला तुझ्या बापाचं नाव दिलं. आणि टॅल्टींपैकी कुणी मैफलीत आलं की ती बंद करायची. चोपन्न वर्षं झाली. तुम्ही पोरं आत आलात की आम्ही दुसरी धून धरायचो. तुम्हाला वाटायचं, तुम्हाला मान देतायत."

मान! लहानपणी मी आत शिरले की वाजवणारे थांबायचे. आणि मी ताठ मानेने जाऊन मधल्या खुर्चीवर बसायचे.

उठताना नोनीने शेवटचं ठेवून दिलं. "आणि त्या रात्रीपर्यंत सॉनी मोकळंच वाजवायचा. मोंगनसारखं. तुझ्या भावासारखं. नंतर मुठी आवळल्या त्याने. त्याच्यासारखं वाजू नये म्हणून."


शुक्रवार, २५ नोव्हेंबर

झोप नाही. टॅल्टींची पद्धत, टॅल्टींचं घराणं! चाळीस वर्षं मी जे जपलं, ज्याच्यासाठी पोरांच्या बोटांवर पट्ट्या मारल्या, ज्याच्यासाठी भावाला चिखल म्हणाले, ते घराणं नव्हतंच. एका माणसाने एक दार लावलं आणि त्याचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून नळी मांडीवर दाबून धरली. बस्स. मी आयुष्यभर त्याची भीती वाजवली. आणि छान वाजवली, बक्षिसं घेतली!

कुणाचा राग येतोय? मोंगनचा. मेला तरी हसतोच आहे.


शनिवार, ३ डिसेंबर

टेप चारदा ऐकली. धून बोटांत बसली. बाबांसमोर वाजवणार नाही. ती त्यांना हवी आहे असं मला वाटत होतं. आता वाटतं, ती त्यांना चावते आहे. डोक्यात शिरलीय आणि तिथेच अडते जिथे पायरीवर अडली होती. तिचा उरलेला भाग जो वाजवेल, त्याला ते कप फेकून मारतील. शाप देतील, वाचा असती तर. डाव्या हाताने पेटी पलंगाखाली आणखी आत ढकलतील.

मग वाजवावं कुणी?


रविवार, ४ डिसेंबर

ठरलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या सणाला, गाव आमच्याकडे केक खायला येतंच. गावासमोर होऊ दे. सगळ्यांना धून ओळखू येते, सगळ्यांना नाव ठाऊक आहे. आणि ती मोकळीढाकळी, मोंगनच्याच थाटात, वाजवणारा कोण, तर सॉनीचा मुलगा! बाबा काय करतील ते करोत. कोलमन जानेवारीत तोंड लपवून कोव्हेंट्रीला परत जाईल. आणि कुणाच्या मांडीवर काय येतं ते मग बघू.

हे वाईट आहे. आहेच. पण त्याने माझ्या कोबीच्या टोपल्याशेजारी बसून जे केलं, तेही वाईट होतं.


मंगळवार, ६ डिसेंबर

कोलमनला सांगितलं, "धून मिळाली. नोनी क्वेलीकडे."

त्याने हातातला कप खाली ठेवला. "नोनीने दिली? सहज?"

"सहज. चहासुद्धा दिला."

"आणखी काही बोलली?"

"तब्येतीची तक्रार. अजून काय बोलणार ती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी बटाटे सोलत होते, सोलत राहिले. म्हटलं, "बाबांसमोर तूच वाजव. माझ्या हाताला बसत नाही ती, मोकळी आहे. तुझ्या हाताची आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याची स्तुती केली. जीभ भाजल्यासारखी झाली.

"तुला नको वाजवायला? नक्की?"

"सांगितलं ना!"


गुरुवार, ८ डिसेंबर

टेप दिली नाही. टेपमध्ये गोष्टही आहे. मीच तोंडाने गाते आणि तो वाजवतो, एकेक ओळ. जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून, लहानपणी बाबा आम्हाला बसवायचे तसं. दुसऱ्या भागात मी एक सूर चुकले. तो म्हणाला, "तिथे वर जात असणार." आणि तसंच होतं! न ऐकता त्याला कळलं. जळफळाट झाला माझा.


मंगळवार, १३ डिसेंबर

आज तो मधेच थांबला. "डिंफ्ना, ह्या धुनेबद्दल तुला काही माहीत आहे का? कुणाची, कुठून आली?"

"धून ती धून. तिचं काय गोत्र बघायचंय?"

"नाही, म्हटलं, असली गोष्ट काही तर सांग."

ओठांपर्यंत आलं होतं. खरंच. तो चुलीकडे पाठ करून बसला होता, डोक्यावर टक्कल पडायला लागलंय, मागून अगदी आईसारखा दिसतो. मग त्याने नळी उचलली आणि दुसरा भाग असा काही वाजवला की माझ्या तोंडाला कुलूप लागलं. एवढं चांगलं वाजवू नये माणसाने. निदान आपल्या बहिणीसमोर.


शनिवार, १७ डिसेंबर

आता त्याला माझी गरज नाही. शेडमध्ये जाऊन वाजवतो, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. केक केला. बेदाणे कमी पडले.


शुक्रवार, २३ डिसेंबर

बाबा दिवसभर गुणगुणले. आवाज बारीक झालाय. डॉक्टर म्हणतात, छातीत पाणी. जास्त दिवस नाहीत. मनात म्हटलं, सोमवारपर्यंत टिका. मुलीने बापासाठी मागितलेली ही प्रार्थना!


सोमवार, २६ डिसेंबर

सगळं लिहिते.

बाबांचा पलंग चुलीशेजारी आणला होता. थेडी, फिलोमेना, पबमधले फिडलवाले, शेजारी – पंधरा-सोळा जण. केक, हॅम, काळी स्टाउट बिअर. बाबांना उशा लावून बसवलं होतं. खाली पेटी. ती मीच पुढे ओढून ठेवली होती, सगळ्यांना दिसेल अशी.

कोलमनने भाता बांधला. मी दाराशेजारी उभी राहिले, सगळ्यांचे चेहरे दिसतील अशा ठिकाणी. हे कबूल केलं पाहिजे, मला मजा येत होती.

पहिली ओळ. फिलोमेनाच्या हातातली बशी वाजली. थेडी उठलाच – "कोलमन! ती नको रे. आज नको. ह्या घरात नको!" कोलमनने त्याच्याकडे बघितलंही नाही. दुसरी ओळ. आणि मग बाबा जिथे नेहमी थांबतात तिथून तो खाली उतरला, आणि दुसऱ्या भागात शिरला, पूर्ण मोकळा, नळी मांडीवरून वर, एकही शांतता नाही. सगळे बाबांकडे बघत होते. मीही. आता कप. आता हात उचलतील.

बाबांनी तोंड उघडलं.

"दार."

दोन महिन्यांत पहिला शब्द! फिलोमेनाला वाटलं, वारा लागतोय. ती माझ्याजवळ आली आणि तिने दार आणखी घट्ट लावलं.

"उघड," बाबा म्हणाले. स्पष्ट. लहान मुलासारखे घाबरलेले. "उघड, उघड ना!"

कुणी हलेना. मी कडीच्या सगळ्यांत जवळ होते. माझा हात उचलेचना. हे असं नव्हतं व्हायचं. ओरडायला हवं होतं त्यांनी, कोलमनवर ओरडायला हवं होतं! तेव्हा कोलमन वाजवता वाजवताच बोलला – आमच्या पाइप्सना फुंकर लागत नाही, तोंड मोकळं असतं – म्हणाला, "डिंफ्ना, दार उघड."

मी कडी काढली. बाहेर गारा होत्या. वारा आत आला, मेणबत्त्या विझल्या. बाबा त्या काळोख्या चौकटीकडे बघत राहिले आणि कोलमन वाजवत राहिला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, न थांबता. मग बाबांनी डावा हात उचलला आणि चुलीशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे दाखवलं.

"बस," म्हणाले. "गारठला असशील."

खुर्चीत कोणी नव्हतं. थेडीने डोक्यावरची टोपी काढली. फिलोमेना मोठ्याने रडायला लागली, तिला रडायला फारसं काही लागत नाही. बाबांनी डोळे मिटले. झोपले. चेहरा असा सुटला की मी त्यांना ओळखलंच नाही.

मी दारापाशीच उभी. एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे कोलमनभोवती. थेडी त्याचा हात धरून म्हणत होता, "मोंगन परत आला रे, मोंगनच आला!" आणि तो मूर्खासारखा भात्याचा पट्टा सोडत होता, डोळे पुसत होता.

दार मीच लावलं.


मंगळवार, २७ डिसेंबर

बाबा गुणगुणत नाहीत. घर इतकं शांत झालंय की मला घड्याळ ऐकू येतं. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "बाबा, मी डिंफ्ना." हसले. कुणीही आलं तरी हसतात आता.


सोमवार, २ जानेवारी १९८४

सकाळी गेले. झोपेतच. पाइप्स कुणालाच दिल्या नाहीत.


बुधवार, ४ जानेवारी

माती दिली. थडग्यापाशी वाजवायला कोलमनलाच सांगितलं, मला विचारलंही नाही. तीच धून. संध्याकाळी पबमध्ये मी आत शिरले तर थेडी तीच वाजवत होता, बासरीवर. मी आत आले तरी थांबला नाही. कुणीच थांबलं नाही! चोपन्न वर्षांत पहिल्यांदा. मधल्या खुर्चीवर दुसरंच कुणीतरी बसलं होतं.

थेडी संपवून म्हणाला, "नाव ठाऊक आहे ना हिचं, डिंफ्ना?"

म्हटलं, "ठाऊक आहे."

सगळे हसले. वाईट नव्हते हसत. तेच जास्त झोंबलं.


शुक्रवार, ६ जानेवारी

कोलमन गेला. बसथांब्यावर बाबांची पेटी त्याच्यासाठी घेऊन गेले होते. म्हटलं, ने. तर म्हणाला, "राहू दे. त्यांनी दिल्या नाहीत." मग बसच्या पायरीवर चढून, मागे न वळता म्हणाला, "मी घर सोडलं त्या आठवड्यात नोनीने मला ती गोष्ट सांगितली होती, डिंफ्ना. फक्त धून दिली नव्हती. तुझ्यासमोर बसून शिकत होतो तेव्हा रोज वाटायचं, आज सांगशील."

मी काय बोलले? म्हटलं, टोपी घाल, वारा आहे.